खाडीनं खाली

पप्पांना झटका आला त्यानंतरचं वर्षभर आमच्या घरात मीठ जवळजवळ बंदच होतं. डॉक्टरांनी फक्त पप्पांचं मीठ तोडलं होतं, पण आईने सगळ्यांचंच तोडलं. "ते एकटे अळणी खाणार आणि आपण चवीचं खायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही," असं ती म्हणाली. माझी मुलगी तेवढी शाळेतून येताना वेफर्स खाऊन यायची आणि आजीसमोर तोंड बंद ठेवून बसायची.

पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातून सुटला. उजवी बाजू गेली. पुढे पाय बऱ्यापैकी परत आला, काठी घेऊन चालायला लागले. हात मात्र पोटाशी मुडपलेलाच राहिला. बोलणं आलं, पण एकेक शब्द. पूर्वी कारखान्याच्या गेटवर युनियनची भाषणं ठोकणारा माणूस आता "पाणी", "पंखा", "बस" एवढ्यावर आला होता. दिवसभर अंबरनाथ पूर्वेतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि खालच्या भाजीवाल्यांकडे बघायचे. फिजिओथेरपीचा मुलगा घरी यायचा. त्याच्याकडून पप्पा हात हलवून घ्यायचे, स्वतः हलवायचे नाहीत.

या सगळ्या काळात दर रविवारी न चुकता येणारा माणूस म्हणजे काका. सख्खे नव्हेत. पप्पांच्याच कारखान्यातले, शेजारच्या मशीनवरचे. कल्याणच्या खाली खाडीकाठी त्यांचं गाव. घरची होडी आहे, मासेमारी आता हौसेपुरती. पप्पा दवाखान्यात असताना पहिले काही दिवस रात्रपाळीला तेच बसले होते. मी आणि नवरा आळीपाळीने होतोच, पण आम्हाला हाकलून ते बसायचे. ते ऋण फेडायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

असेच एका रविवारी ते आले, पप्पांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तीस वर्सं बोलतोय तुला, चल एकदा खाडीनं खाली जाव, पार दर्यापर्यंत. दर टायमाला तुजी ड्युटी. आता कंची ड्युटी हाय?"

पप्पांनी मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, ते कळलं नाही.

"भावजी, काहीतरीच काय!" आई आतून आली. "यांना धड जिना उतरता येत नाही, होडीत काय बसणार?"

"वयनी, होडीत काय काम हाय त्याला? बसाचंच हाय. इथं बसतो तसा तिथं बसंल."

आई पप्पांकडे वळली. "जायचंय तुम्हाला?"

पप्पा बराच वेळ शब्द शोधत राहिले. मग म्हणाले, "जायचं."

त्यापुढे आईचं काही चाललं नाही. फक्त तिने एक अट घातली, की ती स्वतः येणार. आईचं माहेर जालन्याकडचं. पाण्याची तिला भयंकर भीती. बदलापूरला नदीच्या पुलावरून रिक्षा गेली तरी ती डोळे मिटते. तरी म्हणाली, बुडायचं तर सोबत बुडू.

मी उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका कापडाच्या पेढीत हिशेब बघते. शेठकडे रजा मागितली तेव्हा शेठाणी तिथेच होत्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी कोकीचा डबा हातात ठेवला. कोकी म्हणजे त्यांची कांदा घातलेली जाड, खमंग पोळी, प्रवासात टिकते. "पप्पाजी के लिए बिना नमक का अलग रखा है, ऊपर वाला पॅकेट," असं त्या म्हणाल्या. मी त्यांना कधी आमच्या अळणी स्वयंपाकाबद्दल बोलले होते, तेही मला आठवत नव्हतं.

नवऱ्याला सुट्टी नव्हती. त्याने आम्हाला पहाटे काकांच्या गावाला सोडलं. भरती पूर्ण भरली होती, पाणी काठाच्या दगडांना टेकलं होतं. आता पप्पांना होडीत न्यायचं कसं, हा प्रश्न काकांनी आधीच सोडवून ठेवला होता. त्यांनी घरातली लाल प्लास्टिकची खुर्ची आणली, पप्पांना तिच्यात बसवलं, गावातल्या चौघांनी खुर्चीसकट उचललं आणि तशीच होडीच्या मधोमध ठेवून दोरीने बांधून टाकली. सगळ्यांना नारिंगी जाकिटं घातली. पप्पा त्या खुर्चीत एखाद्या कार्यक्रमाच्या अध्यक्षासारखे दिसत होते. मुलगी तसं म्हणालीसुद्धा आणि ते हसले. आईने डोळे मिटून, हात जोडून त्रिशरण म्हटलं. ते संपेपर्यंत काका टोपी काढून थांबले आणि मग त्यांनी इंजिन सुरू केलं.

सुरुवातीचा प्रवास काही चांगला नव्हता. पाणी काळं, वास असा की आईचा पदर नाकावरून हटेना. प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, देवांचे फोटो. जलपर्णी पंख्यात अडकून इंजिन दोनदा बंद पडलं आणि काकांनी कोयत्याने ती कापून काढली. आमच्याच गावांचं, आमच्याच कारखान्यांचं सगळं इथे वाहत आलेलं.

"मम्मी, डॉल्फिन कुठेय? बोर होतंय यार," मुलगी म्हणाली. तिच्या वर्गातल्या कोणीतरी तिला डॉल्फिनचं सांगून ठेवलं होतं.

"थांब गो बाय," काका म्हणाले. "आजून आपला कचराच संपला नाय."

मुंब्र्याचा डोंगर डाव्या हाताला आला, मागे गेला. पुढे खाडीला दोन वाटा फुटतात. एक ठाण्याकडे जाते. काकांनी दुसरी, उजवीकडची धरली आणि तिथून हळूहळू सगळं बदलत गेलं. पात्र रुंद झालं. दोन्ही काठांना खारफुटीची हिरवी भिंत उभी राहिली. वारा समोरून यायला लागला, होडीचं नाक लाटांवर आपटायला लागलं आणि प्रत्येक आपटण्याबरोबर पाण्याचा बारीक फवारा आमच्या तोंडावर यायला लागला.

पप्पांनी ओठांवरून जीभ फिरवली. थांबले. पुन्हा फिरवली.

"खारं," ते म्हणाले.

मग आईकडे बघून, अगदी स्पष्ट, "खारं आहे गं!"

वर्षभर त्यांच्या तोंडून एवढं मोठं वाक्य मी ऐकलं नव्हतं. आई आधी गोंधळली. मग पदराने त्यांचं तोंड पुसायला गेली, तर त्यांनी मान वळवून घेतली. "अहो, डॉक्टरांनी सांगितलंय ना," असं म्हणता म्हणता तीच हसायला लागली. शेवटी तिने पदर खाली घेतला आणि पप्पा वाऱ्याकडे तोंड करून बसले, ओठ चाटत.

दुपारच्या सुमारास आम्ही अडकलो. ओहोटी शेवटाला आली होती. मुलीला बगळे जवळून दाखवावेत म्हणून काकांनी होडी खारफुटीच्या बाजूला घेतली, बोलण्याच्या नादात जरा जास्तच घेतली आणि होडी चिखलात बसली. बांबू लावून ढकलून पाहिलं, मी उठून जोर लावून पाहिलं, पण पाणी आमच्या डोळ्यांदेखत मागे सरत गेलं आणि थोड्या वेळात आमच्या चहूबाजूंना नुसता चकचकीत करडा चिखल.

"आता?" आईने विचारलं.

"आता भरती येईपर्यंत बसाचं," काका म्हणाले. ते खजील झाले होते. "माजीच चूक वयनी."

आई चिडेल असं मला वाटलं होतं. पण तिने पिशवीतून पप्पांच्या दुपारच्या गोळ्या काढून दिल्या, कोकीचा डबा उघडला, सगळ्यांना वाटलं. नंतर पिशवीतली जुनी साडी काढून मला एक टोक धरायला लावलं आणि होडीच्या मागच्या टोकाला बायकांसाठी आडोसा करून घेतला. काका तोवर समोर बघत मोठ्याने गाणं म्हणत राहिले. असल्या कामात आई कधी अडत नाही.

आम्ही गप्प झालो, इंजिन बंद होतं, आणि मग चिखल जागा झाला. दुसरा शब्द मला सुचत नाही. आधी भोकाभोकांतून बारीक खेकडे बाहेर आले, एकेक लाल नांगी वर करून हलवायला लागले, जणू सगळे मिळून कुणाला तरी बोलावतायत. मग निवट्या आल्या. हे मासे पाण्याबाहेर चिखलावर पोटाने सरकतात, उड्या मारतात, आणि त्यांचे डोळे डोक्यावर असतात. मुलगी होडीच्या काठावर हनुवटी टेकून बसली आणि तिने डॉल्फिनचं नाव काढलं नाही. लांब चोचीचे तपकिरी पक्षी चिखलात चोच खुपसत हिंडत होते. काका म्हणाले, थंडीत हे लांबून येतात, कुठून ते त्यांनाही ठाऊक नाही. पलीकडच्या उथळ पाण्यात चित्रबलाक उभे होते, पिवळ्या चोचीचे, शेपटीशी गुलाबी. इतके मोठे पक्षी आमच्या एवढे जवळ, आणि त्यांना आमची काही पर्वाच नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. मी डबे आवरत होते. आईने माझा दंड एवढ्या जोरात धरला की मी दचकले. मला वाटलं, पप्पांना काही झालं.

पप्पा खुर्चीत पुढे झुकले होते आणि त्यांचा उजवा हात वर होता. तोच, पोटाशी मुडपलेला. कोपर खांद्यापर्यंत आलं होतं, बोटं थरथरत होती, त्यातलं एक बोट खारफुटीकडे रोखलेलं. मी तिकडे पाहिलं. मुळांच्या जाळीतून एक कोल्हा बाहेर आला होता. बारीक, पिवळसर, पाय चिखलाने काळे. तो खेकडे शोधत काठाकाठाने आला, एका जागी थांबला, आमच्याकडे सरळ बघितलं, आणि मग काही घाई नसल्यासारखा परत झाडीत गेला.

हात खाली आला. पप्पांनी तो आपल्या मांडीवर पडलेला पाहिला, जणू दुसऱ्याच कुणाचा आहे.

"आजोबा, कोल्हा होता! खरा कोल्हा!" मुलगी ओरडली. "आजी, पाहिलास ना?"

"पाहिला," आई म्हणाली. पण तिने कोल्हा पाहिलाच नव्हता. ती सगळा वेळ पप्पांच्या हाताकडे बघत होती, आणि तिचे डोळे वाहत होते. काकांनी पाठ फिरवून उगाचच इंजिनाची दोरी तपासायला घेतली.

पाणी आलं, होडी हलली, सुटली. उन्हं उतरताना आम्ही काकांच्या बहिणीच्या घरी पोचलो. त्यांचं घर खाडीकाठी, पूर्वी मिठागरं होती त्या जागेच्या जवळ. आता मिठागर थोडंसंच उरलंय. आम्ही उशिरा आलो म्हणून त्या काठावर येऊन उभ्या होत्या आणि त्यांनी भावाला सगळ्यांसमोर झापलं. मग आम्हाला गरम पाणी, तांदळाच्या भाकऱ्या, निवट्यांचं कालवण. पप्पांसाठी वेगळ्या वाडग्यात बिनमिठाचं. आई काकांच्या बहिणीबरोबर चुलीपाशी बसली होती.

"मीठ करायचं कसं हो?" तिने विचारलं.

"काय नाय, पानी घ्याचं न सुकवाचं."

"आमच्या गावाकडं पाणी आपोआपच सुकायचं," आई म्हणाली, "पण हाती काहीच लागायचं नाही."

दोघी इतक्या हसल्या की बाहेर बसलेल्या आम्हाला कळेना काय झालं. ते आईने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीबरोबर आम्ही निघालो. मोठमोठे पूल डोक्यावरून गेले. उजवीकडे वसईच्या किल्ल्याची काळी भिंत दिसली, आणि त्यानंतर समोर काहीच नव्हतं. काठ नाही, झाडी नाही. पांढरे समुद्रपक्षी आमच्या मागे लागले होते, मुलगी त्यांना कोकीचे तुकडे टाकत होती. काकांनी इंजिन बंद केलं.

आमच्यासाठी समुद्र म्हणजे दादर. दर वर्षी सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायचो, रांगेत उभं राहायचो, आणि दर्शन झाल्यावर तिथल्या वाळूवर बसून भाकरी खायचो. पप्पांना तेच आठवलं असावं. "दादर?" त्यांनी विचारलं. काकांनी डावीकडे दूर बोट केलं. पप्पांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला, दोन्ही जोडले, आणि आम्हीही जोडले. पाणी होडीखाली वर-खाली होत होतं. आईचे डोळे उघडे होते.

तेवढ्यात काका हळूच म्हणाले, "गादं हाय. त्या बाजूला."

गादा म्हणजे त्यांच्याकडे डॉल्फिन. करडी पाठ पाण्यातून वर आली, वळली, आत गेली. मग अजून एक. एवढंच. पुन्हा दिसले नाहीत. मुलगी मात्र घरी येईपर्यंत बोलत होती.

परत आम्ही काकांच्या बहिणीकडून गाडीने आलो. काका आणि त्यांचे मेव्हणे भरतीबरोबर होडी घेऊन गेले. सगळ्यांच्या अंगावर चिलटं चावल्याचे फोड होते आणि कपड्यांना आठवडाभर चिखलाचा वास येत होता. पप्पा त्यानंतर खडखडीत बरे झाले असं नाही. हात पुन्हा तेवढा वर जायला कित्येक महिने लागले. पण फिजिओथेरपीवाला मुलगा आला की आता ते स्वतः हात पुढे करतात आणि त्याला "जोरात" म्हणतात. वाक्यं वाढलीत. मधूनमधून रिक्षा करून काकांच्या गावाला जातात, तिथे जाळं मांडीवर घेऊन बसतात. एक गाठ मारायला त्यांना खूप वेळ लागतो. काका ती नंतर गुपचूप सोडवून पुन्हा मारतात, आणि पप्पांना ते माहीत आहे.

त्या दोन दिवसांत आमच्यावर कितीजणांनी माया केली, ते आठवलं की मला आजही भरून येतं. खुर्ची उचलणारे ते चौघे, त्यांची नावंही मी विचारली नाहीत. चुकून चिखलात रुतलेली होडी. आणि तो कोल्हा, ज्याला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं.