सोमीच्या तोंडातली कडी

टांगेवाल्याच्या घरी दोन गोष्टी रोज साचतात, लीद आणि किस्से. लीद निदान असोद्याचे केळीवाले खताला घेऊन जातात. किस्से मात्र घरातच राहतात. आमच्याकडे पोथीला बसणाऱ्या बायकासुद्धा अध्याय संपला, आरती झाली, की प्रसाद हातात घेऊन म्हणतात, "हं वहिनी, आता सोमीचं सांगा!" म्हणून सोमीचंच सांगते. जळगावात रिक्षा वाढत होत्या आणि टांगे कमी होत होते, तेव्हाची गोष्ट.

*

सोमी आमची घोडी. सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली. सोमवारी दारात आली म्हणून सोमी. माझा उपास होता, मी तिला ओवाळलं. विकणारा ह्यांना म्हणाला होता, "एकदम गरीब जनावर शे, भाऊ!"

दुसऱ्याच दिवशी ते गरीब जनावर टांग्यासकट केळीच्या हातगाडीवर गेलं. हे जितका लगाम ओढत, तितकी ती पुढे जोर करी. अर्धी फणी संपली तेव्हा कुठे आपण होऊन थांबली. आणि समोर नेमक्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई उभ्या! आमचा जुना घोडा होता तोवर त्यांच्या शाळेतल्या सहा मुली आमच्याच टांग्यातून जायच्या. घरातली खात्रीची कमाई तेवढीच. बाई म्हणाल्या, "आधी घोडी आवरा, मग मुली बसवा."

हे घरी येऊन म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघतो. नाही जमलं तर पुढच्या यात्रेत विकून टाकतो."

मी वाती वळत होते. म्हटलं, "जमेल हो."

"तू सगळ्यालाच जमेल म्हणतेस," हे म्हणाले. "माझं स्थळ आलं तेव्हाही हेच म्हणाली होतीस!"

*

टांगा स्टँडवर सुपडू आबा सगळ्यांत जुने. त्यांनी सोमीची ताकद पाहिली आणि निकाल दिला, "हाई घोडी नही, रेल्वेनं इंजिन शे! काटानी कडी घाला, दोन दिनमा गाय व्हई जाई."

कडी म्हणजे लगामाची घोड्याच्या तोंडात जाणारी लोखंडी दांडी. आबांनी दिलेल्या कडीला आतून बारीक काटे होते. दोन दिवसांत सोमीची गाय काही झाली नाही, पण ओठांच्या कोपऱ्यात रक्त दिसलं. आणि गंमत अशी की ती आधीपेक्षा जास्तच ओढायला लागली.

मला राहवेना. कडी स्वच्छ धुतली आणि अंगणातच माझ्या दातांत धरून पाहिली. नुसती जीभ हलवली तरी डोळ्यांत पाणी! अशी मी तोंडात लोखंड धरून उभी, तर आबा फाटकात. दिवस एकादशीचा.

"वहिनी," त्यांनी विचारलं, "उपासले लोखंड चालस का?"

*

मग मी ठरवलं, कडी जाड हवी आणि गुळगुळीत हवी. बारीक कडी रुतते, जाड कडी जिभेवर नुसती टेकते. पण लोहार म्हणाला, "ताई, माप आणा. रुंद झाली तर तोंडात इकडून तिकडे सरकेल, अरुंद झाली तर गाल चिमटेल."

मापाची पट्टी घरात कुठून असणार? वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, देवघरात वडाला गुंडाळायचं सूत आणून ठेवलेलं. तेच सोमीच्या तोंडाला आडवं धरलं, दोन्हीकडे गाठ मारली आणि म्हटलं, झालं माप. उरलेलं सूत पूजेला ठेवलं.

हे ओट्यावरून सगळं बघत होते. कपाळावर हात मारून म्हणाले, "संपलं! आता सात जन्म मला हीच घोडी!"

*

नवी कडी छान बसली, तरी सोमी मधूनच मान झटके. जनावरांच्या डॉक्टरांनी तोंडात हात घातला, चाचपलं आणि म्हणाले, "लोहाराला कशाला दोष देता? हिच्या दाढेला धार आलीय. कडी लागली की दाढ गालात टोचते." त्यांनी कानशीने दाढ घासली. सोमी तर सोमी, स्वतःच्या दाढेवर हात ठेवून हेही डोळे मिटून उभे!

*

ताकदीचं जमलं, लक्षाचं राहिलं. मी दर सोमवारी टांग्यातून महादेवाला जायची, त्यामुळे देऊळ आलं की थांबायचं हे सोमीने मनावर घेतलं. मग कुठलंही देऊळ असो! ह्यांनी डोळ्यांच्या बाजूंना चामड्याची झापडं लावली, पण घंटा ऐकू येतेच ना. एकदा बोदवडची म्हातारी अक्का स्टेशनला निघालेली, तिची गाडी चुकली. हे हात जोडून माफी मागू लागले.

"असू द्या भाऊ," अक्का म्हणाली. "गाडी एक गेली, देव चार झाले!"

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी सोमीला चालवताना तिच्याशी बोलायला लागले. "चल, सोमे" म्हटलं की चालायचं, "हो, सोमे" म्हटलं की थांबायचं. हेही हात हलका ठेवून तसंच बोलू लागले. लोकांना वाटायचं, हे मला हाक मारतात!

*

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा. पाटावर मांडलेलं अवजार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. टांगा त्या दिवशी बंदच. मी कडी लगामातून सोडवली, चिंचेने घासली, पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं.

तेवढ्यात दारात मोठ्या बाई. "मी उद्या गावाला जातेय. आत्ता फिरवून दाखवता का? नाहीतर रिक्षावाल्याला होकार देऊन जाते."

न्हाणीतून ह्यांचा आवाज आला, "दाखवतो, दाखवतो! अगं, सोमीला लगाम चढव!"

मी पाटाकडे पाहिलं. हात पुढे केला, पण कुंकू वाहिलेली कडी उचलवेना. शेवटी लगामाचे दोन्ही पट्टे, डोक्यावरून घालतात त्या मोहरकीच्या नाकावरच्या पट्ट्याला घट्ट बांधले, झापडं नीट केली, तिला टांग्याला जुंपलं आणि बाईंच्या शेजारी जाऊन बसले. जे होईल ते आपल्यालाही होऊ दे!

हे घाईघाईत आले आणि टांगा निघाला. मी डोळे मिटून देवीचं नाव घेत होते. चौकात भांडीवाल्याची सायकल आडवी झाली आणि डबे, पातेली, झाकणं सगळी सोमीच्या पायांशी खणखणत आली. सोमीचे कान ताठ झाले. हे हळूच म्हणाले, "हो, सोमे."

सोमी थांबली. शेवटचं झाकण गरगरून पडेपर्यंत उभी राहिली. मग "चल, सोमे" म्हटल्यावर चालू लागली.

दारात उतरताना बाई म्हणाल्या, "सुट्टी संपली की मुली पाठवते. पण एवढी दांडगी घोडी, आणि तुम्ही तर लगाम ओढलासुद्धा नाही! कडी कुठली घातलीत हो?"

"दाखवतोच!" म्हणत ह्यांनी ऐटीत सोमीचा ओठ वर केला.

आत दात होते आणि थोडं चघळलेलं गवत. ह्यांनी दात पाहिले. नाकावरच्या गाठी पाहिल्या. मग माझ्या बोटांवरचं कुंकू पाहिलं.

त्यांनी ओठ अलगद खाली सोडला आणि म्हणाले,

"सगळ्यांत मऊ कडी आहे, बाई. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही!"