भावानं दार उघडलं

मागच्या भाऊबीजेची दुपार. ओवाळणीच्या तबकात पाच हजार एक रुपये. हजर माणसं चार — मी, बायको, आमची मुक्ता आणि दापोऱ्याहून आलेली माझी मोठी बहीण, जिजी. एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या रकमेमागचं मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळलेलं नाही.

टीव्हीपासून सुरुवात करतो, ते सोपं आहे. मुक्ता एक मालिका बघते. जुन्या लोककथा घ्यायच्या आणि त्यांना राजवाडे, जादू, चकचकीत कपडे चढवायचे, असली. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब तपासणारा माणूस. बातम्यांपलीकडे टीव्हीकडे बघत नाही. पण त्या मालिकेत राक्षसिणीच्या तावडीत सापडलेल्या भावाबहिणीची गोष्ट आली, आणि मी एकही भाग चुकवला नाही. ती गोष्ट माझ्या ओळखीची होती. जिजीची होती.

आई गेली तेव्हा मी लहान होतो. जिजी मला गोष्ट सांगत जेवू घालायची. आमच्याकडे गोष्टीला हुंकार लागतो — ऐकणाऱ्यानं दर वाक्याला ‘हं’ म्हणायचं. तो थांबला की सांगणाराही थांबतो. जिजीच्या गोष्टीत बहीण राक्षसिणीला म्हणते, भावाला सोड, मला ठेव. भाऊ पळत घरी येतो. काही दिवसांनी बहीण कशीबशी सुटून दाराशी येते, हाक मारते. तिच्या मागे राक्षसीण असेल, या भीतीनं भाऊ उठत नाही. जेवत राहतो. संपली गोष्ट.

तिथं माझा हुंकार अडायचा. “मी उघडीन, जिजी,” मी रडत म्हणायचो.

“उघडशील रे. माहीत आहे मला. घास घे.”

मालिकेत भाऊ तलवार घेऊन परत जातो. राक्षसीणही मुळात वाईट नसते, कुणीतरी तिचं मन दुखावलेलं असतं. शेवटी भाऊच दार उघडतो, फुलं पडतात. मला ते किती आवडलं म्हणून सांगू? शेवट खोटा आहे हे कळत होतं, आणि तरी आवडत होतं.

आता ते सांगतो. नाहीतर ही टीव्हीचीच गोष्ट होऊन बसेल.

माझं लग्न नुकतंच झालं होतं. भाड्याच्या दोन खोल्या. बायको माहेरी. भर दुपारी मी जेवत होतो आणि दाराशी हाक आली — “भाऊ!” जिजी. जसोंडीला, सासरी, नवरा तिला मारतो हे मला ठाऊक होतं. ती राहायला आलीय, हेही पहिल्याच हाकेत कळलं. दोन खोल्या, नवी नवरी, तुटपुंजा पगार — मी आत गणित मांडत बसलो. ती बाहेर हाका मारत होती. किती मारल्या ते आठवत नाही, असं मी स्वतःला सांगत आलोय. खोटं आहे. आकडे मी विसरत नाही. चार. आणि — मी जेवत होतो. हातातला घाससुद्धा खाली ठेवला नाही.

जिजी परत जसोंडीला गेली. त्याच आठवड्यात नवऱ्यानं तिच्या कानशिलात मारली. डावा कान कायमचा गेला. मी दवाखान्यात भेटायला गेलो आणि विचारलं, “माझ्याकडे का नाही आलीस?” होय — हेही विचारलं.

“आले होते,” ती म्हणाली. “कुलूप होतं.”

कुलूप नव्हतं. दाराबाहेर माझ्या चपला होत्या.

नवरा वारल्यावर ती दापोऱ्याला राहायला आली. तेव्हापासून दर भाऊबीजेला आमच्याकडे बऱ्हाणपूरला येते. मागच्या खेपेला ओवाळायला अजून वेळ होता. हुंकार ऐकू जावा म्हणून मुक्ता तिच्या उजव्या बाजूला बसलेली. मी डाव्या.

“आत्या, टीव्हीवर तर राक्षसीण अच्छी निकलती है!”

“चांगली? मंग पळायचं कशाला? बसायचं ना तिच्याजवळ चहा पीत.”

मुक्ता खिदळली. “मग तू सांग ना, असलीवाली.”

जिजीनं सुरू केली. मुक्ताचं ‘हं’, ‘हं’ चाललेलं. बहीण दाराशी आली. तिनं हाक मारली. जिजी श्वास घ्यायला थांबली — आणि मी मोठ्यानं म्हणालो, “आणि भावानं दार उघडलं!”

कशासाठी? मुलगी घाबरेल म्हणून? ती याहून भयंकर काय काय बघते.

जिजीनं पूर्ण मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग मुक्ताकडे वळून म्हणाली, “हाव माय. उघडलं.”

“हं!” मुक्ता ओरडली. “सेम सीरियलसारखं!”

माझ्याही तोंडून ‘हं’ निघालं. हळू, डाव्या बाजूनं. जिजीला ते ऐकू गेलं नाही.

त्यानंतर तिनं ती गोष्ट सांगितलेली नाही. मुक्ता फोनवर मागते, तर म्हणते, “टीव्हीवर आहे ना, तीच.”

त्या दिवशी ओवाळून झाल्यावर मी तबकात पाच हजार एक ठेवले. दरवर्षी पाचशे एक असतात. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. जिजीनं नोटा न मोजता पदराच्या टोकाला बांधल्या आणि वरचं नाणं मुक्ताच्या तळहातावर ठेवलं.

“घे. हुंकाराचं.”

पाच हजार जिजीला. एक रुपया मुक्ताला.