करड्याच्या पोटातलं अंडं

मामी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आर्णीला माझ्या दुकानात एका मोटारसायकलची चेन बसवत होतो. मामा एवढंच म्हणाले, "तुही मामी गेली रे... आता भांडू कोणाशी?" महिना झाला. तिची आठवण आली की डोळे भरतात, पण त्याआधी हसू येतं. कारण माझी मामी जिंकून गेली, राजेहो!

भांडण लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचं. तेव्हा शिकारीचे परवाने मिळायचे आणि महागावकडच्या माळावर मामांच्या बंदुकीचा दरारा होता. मामा आणि त्यांचे दोस्त पाखरं आणत, मामी परसातल्या काळ्या दगडावर बसून ती सोलत असे. करडं पाखरू म्हणजे तित्तर, यावर वाद नव्हता. पण अधूनमधून तेवढंच, तसंच, अंगावर पांढरे ठिपके असलेलं एखादं पडे. तित्तराच्या नराच्या पायाला काटा असतो, याच्या पायाला नसे. काटा नाही म्हणजे मादी; करडा तो नर, ठिपकेवाली ती मादी, असा या शिकाऱ्यांचा कायदा! मादी पडली म्हणून मंडळी हळहळायची आणि जेवताना दोन घास जास्तच खायची.

मामी म्हणायची, "हे मादी नाही. हे जातच येगळी हाये. आमच्या माहेरी याले चित्तूर म्हणतात." मामा उखडायचे, "बंदूक मी चालवतो का तू?"

एकदा तिनं एका करड्या पाखराचं पोट चिरलं आणि तळहातावर अंडं घेऊन थेट बैठकीत गेली. "ठिपकेवाली मादी असन, तर मंग ह्या करड्याच्या पोटात अंडं कसं आलं?" मामा म्हणाले, "होते असं एखाद्या वक्ती!" दोस्त खदखदून हसले. ते हसणं तिला जन्मभर झोंबलं. मला म्हणायची, "माह्या हातचं गोड लागते यायले, माहं बोलणं काहून नाही लागत?"

पुढे शिकारबंदी आली, बंदूक गेली, वाद राहिला. सकाळी माळावर पाखरू ओरडलं की चुलीपासून "चित्तूर" आणि खाटेवरून "तित्तर".

मागच्या पावसाळ्यात पाखरं मोजायला कॉलेजच्या दोन मुली आल्या. मामांनी ऐटीत बोट दाखवलं, "ते तित्तराची मादी." एक मुलगी म्हणाली, "नाही आजोबा, हा चित्तूर. यांच्यात नरालाही काटा नसतो." तिनं पुस्तक उघडून दोघांची वेगवेगळी पानं दाखवली. मामांनी दोन्ही पानांवरून बोट फिरवलं... मग आत तोंड करून ओरडले, "अवो, बाहेर ये! तुहा चित्तूर छापून आला!" त्या दिवशी मामीच्या चहात साखर दुप्पट होती, असं मामाच सांगत.

तेराव्याला परसात पंगत बसली होती. माळावरून पाखरू ओरडलं. त्या बैठकीतले एकटेच उरलेले दोस्त सवयीनं म्हणाले, "तित्तर बोलून राह्यला."

मामा काळ्या दगडावर बसले होते. "चित्तूर हाये तो," ते म्हणाले. "अंडं पाह्यलं, तवाच समजलं होतं मले."

मी म्हटलं, "मंग बोलले काहून नाही, मामा?"

"चार दोस्त बसले होते ना रे..." दगडावर हात टेकून ते उभे राहिले आणि भरल्या पंगतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "माही बायको बरोबर होती!"