शून्य गाड्यांचा पूल

काही ऑफिसांत फायली साठतात, आमच्या ऑफिसात किस्से साठले. मी नोकरी सोडली तेव्हा डेस्क पाच मिनिटांत रिकामं झालं, पण हे काही केल्या डोक्यातून जाईनात. आणि खरं सांगू? हसत हसत सांगायला घेते आणि दोन वाक्यांत डोकं तापतं!

दोन हजार सहा-सातची गोष्ट. मँचेस्टरमध्ये बसून आम्ही लाओसमधल्या एका रस्त्याचं डिझाइन करत होतो. रस्ता, कडेने टेलिफोनची केबल आणि एका नदीवर पूल. बॉस ग्रॅहम. लाओस त्याने फक्त नकाशात पाहिलेला. तिथल्या सरकारने आपला एक इंजिनिअर, बुनमी, वर्षभरासाठी आमच्याकडे पाठवला होता.

पूल नेमका बुनमीच्या गावाला व्हायचा होता. पावसाळ्यात पूर आला की होडी बंद, आणि दवाखाना पलीकडच्या काठावर. आदल्या वर्षी त्याची बहीण बाळंतपणासाठी निघाली आणि काठावरच अडकली. बाळ वाचलं नाही. हे त्याने मला एकदाच सांगितलं, कँटीनमध्ये, सूप ढवळत. आता ती पुन्हा गरोदर होती.

*

पहिली ड्रॉइंग्ज निघाली. रस्त्यावर दर मैलाला एक पिवळी पेटी! बुनमीने विचारलं, "यात काय ठेवायचं?"

"मीठ," ग्रॅहम म्हणाला. "बर्फ पडला की रस्त्यावर टाकायला."

"आमच्याकडे बर्फ फक्त सरबतात पडतो."

इथल्याच कुठल्यातरी जुन्या रस्त्याचं ड्रॉइंग उचलून नाव तेवढं बदललं होतं. लाज वाटायला हवी की नको? ग्रॅहम म्हणाला, "असू दे, स्टँडर्ड आहे."

*

मग रस्त्याच्या कडेला इमर्जन्सी फोन आले. फोन होते, केबल होती, पण त्या भागात एक्स्चेंजच नव्हतं.

"मग फोन उचलणार कोण?" बुनमी.

"एक्स्चेंज फेज टूमध्ये."

"फेज टू कधी?"

"फेज वनमध्ये किती लोक फोन करतात ते बघून!"

बुनमीने वहीत काहीतरी लिहून घेतलं. तो असं फार शांतपणे लिहायचा. मला त्याच्या जागी पेन फेकून मारावंसं वाटलं असतं.

*

एकदा लाओसच्या राजधानीशी, व्हिएन्तिआनशी, व्हिडिओ कॉन्फरन्स होती. मधेच स्क्रीन काळी! ग्रॅहमने आमच्याकडे वळून सुस्कारा सोडला. "बघितलंत? म्हणूनच या देशांना आपली गरज आहे."

तेवढ्यात आयटीवाला दारात आला. "सॉरी हं, आपल्या बिल्डिंगचं नेट गेलंय."

*

आता तो पूल. पुलाला मंजुरी हवी तर आधी होडीवर चढवून नदी ओलांडणाऱ्या गाड्या मोजायच्या. आमच्या लोकांनी मोजणीसाठी महिना कुठला निवडावा? ऑगस्ट! का, तर ऑगस्टमध्ये मँचेस्टरला काम कमी असतं. ऐन पुरात, होड्या बांधून ठेवलेल्या असताना, चार दिवस मोजणी झाली. गाड्या शून्य. ग्रॅहमने रिपोर्टात लिहिलं, "वाहतूक नाही. पुलाची गरज नाही."

मोजायला गेली होती नेहा, इथेच जन्मलेली आमची सर्व्हे इंजिनिअर. मी तिला फैलावर घेतलं. ती रडकुंडीला आली.

"शुभामावशी, पाणी इतका होता, बोट बंद होता! मी रिमार्क्समध्ये सगळा लिहिला होता, प्रॉमिस!"

लिहिलं होतं खरंच. मी फाइल उघडून पाहिली. पण रिमार्क्सचा कॉलम पानावर मावत नव्हता, म्हणून ग्रॅहमने प्रिंटमधून तो कापून टाकला होता. एका गावाचा पूल पानाच्या मार्जिनसाठी गेला! मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन हे बोलले. तो म्हणाला, "रिपोर्ट गेलाय. आता रिव्ह्यूमध्ये बघू."

*

रिव्ह्यूसाठी पैसे देणाऱ्या संस्थेचे साहेब लंडनहून ट्रेनने यायचे होते. शेवटचा शब्द त्यांचा. त्यांना आणायला ग्रॅहमने बुनमीला सकाळी स्टेशनवर पाठवलं. रुळांचं काम निघालं आणि लंडनच्या सगळ्या गाड्या रद्द झाल्या. साहेब अर्ध्या वाटेतून बसने, तीन तास उशिरा, भिजून पोचले. बुनमी तेवढा वेळ स्टेशनवरच होता.

मीटिंग सुरू झाली. ग्रॅहमने तक्ता दाखवला. चार दिवस, शून्य गाड्या, सबब पूल रद्द.

"आणखी एक मोजणी आहे," बुनमी म्हणाला आणि त्याने साहेबांपुढे एक कागद सरकवला. आमचाच फॉर्म, सुंदर अक्षरात भरलेला.

साहेबांनी मोठ्याने वाचला. "ठिकाण: लंडनहून मँचेस्टरला येणारा रेल्वेमार्ग. वेळ: सकाळी आठ ते अकरा. गाड्या: शून्य. शिफारस: मार्गाची गरज नाही. रूळ काढून टाकावेत."

साहेबांनी कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि विचारलं, "तुमच्या फॉर्मला रिमार्क्सचा कॉलम नसतो का?"

नेहा उठली आणि ग्रॅहमकडे न बघता प्रिंटरकडे गेली.