कुस्कोच्या चौकातलं टेबल

"आई, अकरा हजार फूट उंचीवर आहे ते गाव. या वयात, एकटी? नो वे!" असं म्हणून जयदीप बेसमेंटमध्ये निघून गेला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला. नीलिमाताईंनी दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं.

टोरोंटोच्या हॉस्पिटलमधल्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी काम केलेली रोझा रिटायर होऊन पेरूला, आपल्या कुस्को गावी परतली होती. "ये एकदा. आमच्या चौकात बसून कॉफी पिऊ," असं ती दर नाताळात फोनवर म्हणायची. नीलिमाताईंचा नवरा होता तोवर सुट्टी म्हणजे पुणं. तो गेल्यावर टोरोंटोजवळच्या रिचमंड हिलच्या घरात सुट्ट्या लेक ठरवू लागला होता.

पोचल्या पोचल्या कुस्कोनं त्यांना आडवं पाडलं. डोकं ठणकायचं, चार पायऱ्यांत धाप लागायची. रोझा उंचीच्या त्रासावरचा उपाय म्हणून कोकाच्या पानांचा चहा पाजत राहिली. अंगात जरा त्राण आल्यावर दोघी सावकाश चालत चौकात आल्या. दगडी कमानी, कोरीव लाकडी सज्जे, भलीथोरली चर्चं.

"स्पॅनिश लोक यायच्या आधीही इथं चौकच होता. आमचा," रोझा म्हणाली. आज तिनं मुद्दाम आईचा, इथल्या मूळ रहिवाशांच्या वळणाचा घेरदार घागरा आणि उंच टोपी घातली होती.

सज्ज्यातल्या कॅफेत वेटरनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सगळी टेबलं रिझर्व्ह्ड आहेत." आत शुकशुकाट होता.

"चल, दुसरीकडे जाऊ," रोझा पुटपुटली.

नीलिमाताईंना टोरोंटोतला पहिला हिवाळा आठवला. 'खोली आत्ताच गेली' म्हणणारी घरमालकीण, आणि तिच्या खिडकीत तशीच लटकणारी 'भाड्यानं देणे'ची पाटी. तेव्हा त्या मुकाट्यानं बर्फातून परतल्या होत्या.

त्यांनी कठड्यालगतची खुर्ची ओढली. "बस गं."

मॅनेजर धावत आला. "मॅडम, तुम्ही पाहुण्या, तुम्हाला देतो टेबल. पण या बाई..."

"पाहुणी मी आहे," नीलिमाताई तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाल्या. "गाव हिचं आहे. ज्यानं टेबल राखून ठेवलंय तो येऊ दे, मग उठू."

कोणीच आलं नाही. बऱ्याच वेळानं वेटरनं कॉफीचे दोन कप आणून आदळले. रोझानं एक घोट घेतला, टोपी सरळ केली आणि आतल्या मॅनेजरलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"गार आहे. दुसरी आणा."

वेटरनं दोन्ही कप उचलले आणि तो नवी कॉफी आणायला वळला.