अंगाने वाढलेल्या मरळी

आषाढातला दुसरा रविवार, सकाळचे आठ. पुलाखाली मासळी विकणाऱ्या यमुनाबाई, माझी पत्नी आणि मी, एवढेच तिथे होतो. पाच मरळी घेतल्या, सहाशे रुपये ठरले.

या दिवसांत मादीच्या पोटात अंड्यांची गाभोळी असतेच. हंगामातली पहिली भरल्या पोटाची मासळी कापायची नाही, नदीत परत सोडायची, अशी यमुनाबाईंच्या घरची रीत आहे. यंदा त्यांना अजून एकही सोडता आलेली नाही. त्यांनी विळीवर आमच्या मरळी चिरल्या. चार माद्या निघाल्या. तिघींच्या पोटात काहीच नव्हतं. चौथीत दोऱ्याएवढी करडी गाभोळी होती.

"अंगानं वाढल्यात, वयात आल्या न्हाईत," त्या म्हणाल्या.

फवारणीचं औषध पाण्यात उतरलं की माशांची संप्रेरकं बिघडतात, असं मी वाचलं होतं. मासा जगतो, पण अंडी धरत नाही. धरली तरी बिघाड पिल्लांत उतरू शकतो. मेलेले मासे काठाला लागतात, ते मोजता येतात. जे जन्मलेच नाहीत त्यांचा आकडा कुठे मांडायचा?

"तुमची वांगी काठालाच ना, भाऊ?" यमुनाबाईंनी विचारलं.

"डब्यावर लिहिलंय तेवढंच मारतो मी. पंपाला मापून."

"समदेच मापून मारत्यात. नदीच्या पोटात किती जातं, त्ये कोण मापतं?"

पत्नी माझ्याकडे बघत राहिली. मी यमुनाबाईंना सहाशे रुपये दिले. या दिवसांतला भाव गाभोळीसकट असतो; ती नीट निघाली नाही म्हणून त्यांनी त्यातले शंभर मलाच परत केले.