पंखावर उघडा हात

"डीप फ्रॉस्टबाइट," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे थंडीने बोटं आतपर्यंत गोठणं. माझ्या उजव्या हाताची पाचही बोटं मेणासारखी पांढरी, कडक झाली होती.

"कापावी लागतील?" मी विचारलं.

"आत्ता नाही. कुठलं बोट जगलं, कुठलं गेलं, ते शरीरच दाखवेल. सहा आठवडे थांबायचं."

सहा आठवडे! मला तर लाल सिग्नललाही थांबायचा कंटाळा.

त्याच सकाळी आमचं छोटं मालवाहू विमान उत्तर ऑन्टारिओतून निघालं होतं. मी को-पायलट. आदल्या दिवशी पडलेला पाऊस पंखांवर गोठला होता. असा बर्फ काचेसारखा पारदर्शक असतो, म्हणून हातमोजा काढून पंख चाचपायचा, हा नियम. उणे अठरा तापमान. मी मोजा काढला नाही, नुसता टॉर्च मारला.

"क्लीन?" कॅप्टन रॉबने विचारलं.

"क्लीन."

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. पंखांवरच्या बर्फामुळे विमान वर चढलंच नाही, धावपट्टीपलीकडच्या गोठलेल्या तळ्यावर आपटलं. रॉबचा पाय मोडला होता, रक्त थांबत नव्हतं. माझे हातमोजे इंधनाने भिजले. ते फेकून, उघड्या उजव्या हाताने मी ती जखम दोन तास दाबून धरली. रॉब वाचला. चूक मात्र माझी होती, आणि ती मी चौकशीत तशीच सांगितली.

टोरोंटोच्या हॉस्पिटलात कोमट पाण्यात हात बुडवला, तेव्हा मी सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला. मग फोड आले, बोटांची टोकं काळी पडली. बोन स्कॅन झाला, म्हणजे रक्त कुठवर पोचतंय त्याचं चित्र. माझा नवरा मंदार रोज फ्लिप फोनवर बोटांचे फोटो काढायचा. "अगं, अंगठा पिंक दिसतोय, आय स्वेअर!"

सहा आठवड्यांनी फक्त करंगळीचं टोक कापलं. चार बोटं वाचली, पण पार बधिर. अशा हाताने विमान कोण चालवू देणार? मी खूप रडले. मग मंदारने ताटात डाळी मिसळल्या. "डोळे मीट आणि ओळख."

तीन महिने मी हरभऱ्याला तूर म्हणत होते. एका दुपारी म्हणाले, "मूग." मंदार उडालाच. मूगच होता!

तुमच्यावर अशी वेळ आली, तर गोठलेला भाग चोळू नका, हीटरवर धरू नका. आणि धीर सोडू नका.

पुढच्या हिवाळ्यात वैमानिकांची मेडिकल तपासणी पास होऊन मी कामावर परतले. लंगडत का होईना, रॉबही आला होता. पंखांवर बर्फ वितळवणारं औषध फवारून ट्रक निघून गेला होता, टॉर्चच्या उजेडात सगळं चकाचक दिसत होतं.

"क्लीन?" त्याने विचारलं.

मी हातमोजा काढला, पंखावर बोटं फिरवली. आधी ओला पत्रा लागला, मग एक गुळगुळीत पापुद्रा. हात असा झोंबला की डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

"नो, रॉब," मी ओरडले. "आइस! कॉल द ट्रक बॅक!"